बीड की पाईप? टर्बोच्या मॅनिफोल्डचा इतिहास, आपल्या उद्यमबागेतून

मॅनिफोल्ड म्हणजे काय ते आधी घरातल्या भाषेत सांगतो, कारण या पानावर वाचणारे निम्मे लोक बँकेतले नाहीतर शाळेतले. इंजिनात चार सिलिंडर असले की चार भोकांतून जळका धूर बाहेर पडतो. ते चार धूर गोळा करून एका नळीत आणायचे, हे मॅनिफोल्डचं काम. आकार हाताच्या पंजासारखा. चार बोटं इंजिनाला, मनगट सायलेन्सरच्या पाईपला. साध्या गाडीत त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. पण त्या मनगटावर टर्बो बसवला की सगळा हिशेब बदलतो. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारी चक्की. एका बाजूचं चाक धूर फिरवतो, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसलेला पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त ताकद. आता त्या चक्कीपर्यंत धूर कसा पोचवायचा, किती गरम पोचवायचा, आणि नळी न तडकता किती वर्षं पोचवायचा, हाच खरा प्रश्न. माझ्या मते टर्बोचा अर्धा इतिहास हा या नळीचा इतिहास आहे. आणि बेळगावच्या पुष्कळ घरांची चूल या नळीवर पेटली, म्हणून इथे लिहितोय.

आपल्याकडचं बीडकाम (बीड म्हणजे ओतीव लोखंड, नव्या पिढीला सांगावं लागतं) कुठून सुरू झालं हे आपण विसरतो. गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर. १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान. मग कडबा कापायचं यंत्र, मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. शेतकरी म्हणायचे लोखंडानं जमीन नासते, म्हणून सुरुवातीला नांगर कुणी घेईना. पुढे नगरपालिकेला नवीन वसाहतीसाठी ती जागा हवी झाली आणि कारखाना हलवायची पाळी आली. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलच्या माळावर जागा दिली, १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. म्हणजे बेळगावचा पहिला मोठा कारखाना बेळगावात राहिला नाही. पण ओतकाम राहिलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि आपल्या उद्यमबागेत पुढे ज्या फौंड्र्या झाल्या, त्यांच्या मुळाशी ही शेती-अवजारं आणि तेलाची इंजिनं आहेत. १९५६ साली नकाशावर रेघ ओढली गेली, कोल्हापूर तिकडे, आपण इकडे. फौंड्रीला ती रेघ फारशी दिसली नाही. कास्टिंग निपाणीवरून रोज वर-खाली जात राहिलं. पिग आयर्नच्या लाद्या गोव्यातून घाट चढून यायच्या. आणि शेडमध्ये मोल्डर मराठी, भट्टीवाला कानडी, हिशेबनीस कोकणी, शिव्या मात्र सगळ्यांच्या सगळ्यांना येत.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, पॅटर्नमेकर. वय आता ८४. पॅटर्नमेकर म्हणजे सुतारच, पण असा सुतार की ज्यानं केलेली वस्तू कुणी वापरत नाही, तिचा ठसा वापरतात. सागवानी लाकडाचा हुबेहूब भाग करायचा, तो वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा आणि त्या पोकळीत वितळलेलं बीड ओतायचं. बीड थंड होताना आकसतं, मीटरला साधारण १० मिलिमीटर, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. त्यासाठी आबांकडे वेगळी पट्टीच होती. तिच्यावरचा एक सेंटिमीटर हा खऱ्या सेंटिमीटरपेक्षा किंचित मोठा. लहानपणी मी त्या पट्टीनं शाळेच्या भूमितीचं चित्र काढलं होतं आणि मास्तरांना काही केल्या माप जुळेना.

मॅनिफोल्डचं काम त्यातही किचकट. बाहेरचा आकार सोपा, आतली पोकळी अवघड. आतल्या पोकळीसाठी वाळूचा कोअर करतात. वाळूत सोडियम सिलिकेट कालवून कोअरबॉक्समध्ये ठोकायची, वरून कार्बन डायऑक्साइड सोडला की काही सेकंदांत दगडासारखी होते. चार बोटांचा वाळूचा पंजा तयार. तो साच्यात अधांतरी बसवायचा, भोवतीनं बीड ओतायचं, आणि निवाल्यावर आतली वाळू ठोकून-खरवडून बाहेर काढायची. पूर्वी, बिनटर्बोच्या डिझेल इंजिनात, आत वाळूचे चार कण चिकटून राहिले तरी बिघडत नसे. धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जायचे. टर्बो आल्यावर हे चालेनासं झालं. लहान टर्बोचं चाक मिनिटाला दीड-दोन लाख फेरे फिरतं. त्यावर वाळूचा एक खडा आदळला तर पातं गेलं. नव्वदच्या दशकात आबा ज्या फौंड्रीत होते तिथली मॅनिफोल्डची एक अख्खी लॉट अशीच परत आली. गिऱ्हाइकानं आत बोट घालून वाळू काढून दाखवली होती. दोन महिन्यांचा पगार लांबला. आमच्या घरी त्या वर्षी गणपतीला आरास नव्हती, फक्त मूर्ती. घरातल्या आम्हा पोरांना टर्बो हा शब्द पहिल्यांदा कळला तो असा.

आता जरा लांब जाऊ, स्वित्झर्लंडला.

विंटरथूरच्या आल्फ्रेड ब्युखी या इंजिनिअरनं १९०५ साली टर्बोचं पहिलं पेटंट घेतलं. कल्पना अचूक होती, पण पुढची कित्येक वर्षं जम बसेना. लोक म्हणतात धातू चांगले नव्हते, चक्क्या कच्च्या होत्या. खरंच होतं ते. पण आणखी एक अडचण नळीत होती. सगळ्या सिलिंडरचा धूर एकाच मोठ्या नळीत सोडला की एकाचा धूर दुसऱ्याच्या वाटेत येतो. एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह नुकताच उघडला, धाडकन दाब बाहेर पडला, त्याच वेळी शेजारच्याचा व्हॉल्व्ह बंद व्हायच्या बेतात आहे. तो दाब उलटा त्याच्या आत घुसतो, आणि ताजी हवा आत यायच्या जागी जुना धूरच कोंडून राहतो. एकाच मोरीत सगळ्या मजल्यांचं पाणी सोडल्यावर तळमजल्याच्या बाथरूममध्ये काय होतं, ते चाळीत राहिलेल्यांना सांगायला नको.

ब्युखीनं १९२५ साली जे दुसरं पेटंट घेतलं ते नेमकं यावर. नळ्या वेगळ्या करायच्या. ज्या सिलिंडरांचे धूर एकमेकांच्या मध्ये येत नाहीत त्यांच्याच जोड्या लावायच्या आणि प्रत्येक जोडीची नळी टर्बोपर्यंत स्वतंत्र न्यायची. म्हणजे धुराचा प्रत्येक धक्का ताजाच्या ताजा चाकावर आपटतो आणि मागच्याला त्रास देत नाही. त्याच सुमारास जर्मनीच्या प्रॉयसन आणि हान्झेश्टाट डान्झिश या दोन प्रवासी जहाजांवर टर्बो बसवले आणि इंजिनाची ताकद १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली. आज गाडीच्या जाहिरातीत ट्विन-स्क्रोल असा भारी शब्द येतो तो मुळात हाच विचार. शंभर वर्षं जुना.

चार सिलिंडरच्या गाडीत याचा हिशेब अगदी सोपा आहे. बहुतेक इंजिनं १-३-४-२ या क्रमानं पेटतात. दर अर्ध्या फेऱ्याला, म्हणजे १८० अंशांना, एक धूर सुटतो, पण व्हॉल्व्ह साधारण २४० अंश उघडा असतो. म्हणजे पहिल्याचं दार बंद व्हायच्या आत तिसऱ्याचं उघडतं. म्हणून १ आणि ४ यांची जोडी, २ आणि ३ यांची जोडी. त्या जोडीत दोन धुरांमध्ये पूर्ण एका फेऱ्याचं अंतर पडतं. तीन सिलिंडरच्या इंजिनात गंमत अशी की धूर मुळातच २४० अंशांच्या अंतरानं सुटतो. एकाचं दार मिटतं तेव्हाच दुसऱ्याचं उघडतं. जोड्या लावायची गरजच नाही. आजच्या लहान टर्बो पेट्रोल गाड्या बऱ्याचशा तीन सिलिंडरच्या का, याचं हेही एक कारण. स्वस्ताई हे दुसरं, आणि कंपनीवाले दुसरं कधी सांगत नाहीत.

मधला इतिहास पटकन सांगतो. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी विमान-इंजिन पाइक्स पीक डोंगरावर, १४ हजार फुटांवर नेऊन टर्बोवर चालवलं आणि विरळ हवेतसुद्धा समुद्रसपाटीइतकी ताकद काढून दाखवली. मोटारीत टर्बो यायला १९६२ उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेत दोन गाड्या आल्या, ओल्डस्मोबाइलची जेटफायर आणि शेव्हरलेची कॉर्व्हेअर मोन्झा स्पायडर. दोन्ही त्यांच्या हिशेबानं लहान गाड्या, आपल्या हिशेबानं बैलगाडीएवढ्या. जेटफायरला पाणी आणि मेथॅनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीत भरावं लागे, नाहीतर इंजिन ठोके देई. लोक ती टाकी भरायचं विसरत. कॉर्व्हेअरला तर जादा धूर सोडून द्यायची झडपच नव्हती, पुढच्या सायलेन्सरच्या अडथळ्यावरच सगळा तोल सांभाळला होता. १९७३ ला बीएमडब्ल्यूची २००२ टर्बो आली आणि तेलाच्या टंचाईत सापडली, १६७२ गाड्यांवर काम थांबलं.

खरी घरगुती टर्बो गाडी म्हणजे साबची ९९ टर्बो, स्वीडनची, १९७८ पासून बाजारात. दोन लिटरचं इंजिन, १४५ अश्वशक्ती. त्यांनी शर्यतवाल्यांच्या उलट विचार केला. मोठा टर्बो लावून वरच्या फेऱ्यांत धमाका करायच्या ऐवजी लहान टर्बो, जो कमी फेऱ्यांतच जागा होतो, आणि जास्त झालेला धूर सोडायला वेस्टगेट म्हणजे बाजूची झडप. रोजच्या रस्त्यावर, चढावर, ओव्हरटेक करताना उपयोगी पडेल अशी गाडी. आज आपल्या दारात उभ्या असलेल्या प्रत्येक लहान टर्बो गाडीचं हेच तत्त्व आहे.

आपल्याकडे हे सगळं करामुळं आलं, हे ऐकून गंमत वाटेल. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाडीची व्याख्या केली गेली. लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल असेल तर १२०० सीसीच्या आत, डिझेल असेल तर १५०० च्या आत. अशा गाडीला अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ वर. मग काय, सगळ्यांनी इंजिनं त्या रेघेच्या आत बसवायला घेतली, आणि आत बसवल्यावर ताकद कमी पडू नये म्हणून टर्बो. २००७ ला स्विफ्ट डिझेल आली, फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन, ७५ अश्वशक्तीच्या आसपास. तेच इंजिन पुण्याजवळ रांजणगावातही तयार व्हायला लागलं आणि इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत गेलं की लोक त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायला लागले. फौंड्र्यांना ती वर्षं बरी गेली. टर्बो डिझेल म्हणजे चांगल्या दर्जाचा बीडाचा मॅनिफोल्ड, आणि चांगलं बीड म्हणजे जास्त भाव.

इथे धातूबद्दल बोलायलाच हवं. साधं राखाडी बीड उष्णतेत फुगत जातं आणि मग भेगाळतं. म्हणून वितळलेल्या रसात मॅग्नेशियम घालून एसजी बीड करतात. मॅग्नेशियम घालताना जो पांढराशुभ्र लखलखाट होतो तो ज्यांनी पाहिलाय त्यांना विसरणं शक्य नाही. मग घाई. दहाएक मिनिटांत ओतून मोकळं व्हायचं, नाहीतर मॅग्नेशियमचा असर उतरतो. टर्बोच्या मॅनिफोल्डसाठी त्यात आणखी चार-पाच टक्के सिलिकॉन आणि अर्धा ते एक टक्का मॉलिब्डेनम. याला फौंड्रीत सिमो म्हणतात. डिझेलचा धूर साधारण ७५० अंशांपर्यंत, तिथे सिमो मजेत चालतं. पेट्रोलचा धूर मात्र ९०० च्या वर जातो. तिथे निकेलचं प्रमाण ३५ टक्के असलेलं बीड नाहीतर ओतीव स्टेनलेस लागतं. निकेलचा भाव ऐकला की आमच्या फौंड्रीचे मालक पाण्याचा ग्लास मागायचे.

आणि एवढं शिकून होतंय तोवर नळीच गायब व्हायला लागली. २०१३ ला फोर्डची इकोस्पोर्ट आली, तिच्या एक लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनात मॅनिफोल्ड वेगळा नाहीच. सिलिंडर हेडच्या ॲल्युमिनियममध्येच तो ओतलेला, भोवती पाणी खेळवलेलं. हेडच्या पोटात पंजा गिळलेला, बाहेर फक्त एक भोक, त्यावर थेट टर्बो. धूर थंड राहतो, वजन वाचतं, गॅस्केट वाचतात, इंजिन लवकर तापतं. इंजिनिअर म्हणून बघितलं तर उत्तमच काम. फौंड्रीवाला म्हणून बघितलं तर एक कास्टिंग कमी झालं. मग इलेक्ट्रिक गाड्या आल्या, त्यांना धूरच नाही. आमच्या गल्लीतल्या चार पॅटर्नमेकरांपैकी आज लाकडावर हात चालवणारा एकही नाही. पॅटर्न आता कॉम्प्युटरवर काढून व्हीएमसीवर कापतात, माप केसाइतकं अचूक येतं. त्याबद्दल तक्रार नाही. पण कोअरला हवा सुटायची वाट कुठे ठेवायची, बीड आधी कुठे निवतं आणि मग कुठे ओढ घेतं, हे ज्यांच्या बोटांत होतं ती माणसं चाललीत.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. माझ्या थोरल्या भावाचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्यानं आणि त्याच्या मित्रांनी जुनी एस्टीम घेतली, १२९८ सीसी, चार सिलिंडर, बंदिस्त ट्रॅकवर वेळ लावून पळवायला. एस्टीम एकेकाळी रॅलीवाल्यांची लाडकी गाडी होती. तिला टर्बो बसवायचं पोरांच्या मनात आलं. ही गाडी रस्त्यावर आणायची नाही, हे मी आधीच बजावलं होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत असे फेरफार चालत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच स्पष्ट केलंय. त्यामुळे ती ट्रॅकवर ट्रॉलीनं जाते, ट्रॉलीनंच येते.

पोरांनी एका मोठ्या शहरातल्या दुकानातून मॅनिफोल्ड करून आणला. दिसायला काय सुंदर! दीड मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेसच्या चार नळ्या, सापासारख्या वळवलेल्या, सगळ्या सारख्या लांबीच्या. पैसेही तसेच मोजले होते, पोरांनी ट्यूशन घेऊन जमवलेले. तिसऱ्या ट्रॅकच्या दिवशी चारी नळ्या जिथे मिळतात तिथे तडा गेला. वेल्ड करून घेतला, पुढच्या खेपेला त्याच्या शेजारी गेला. दुकानदार म्हणाला, गाडी जोरात चालवलीत. ट्रॅकवर नेऊन हळू चालवायची होती काय?

पुतण्या मॅनिफोल्ड घेऊन माझ्या शेडवर आला, म्हणाला, "काका, आपण बीडात ओतूया की. आजोबा आहेत, तुम्ही आहात." मला मनातून ते फार आवडलं. माळ्यावर सागवान पडलंय, आबांची पट्टी अजून आहे. मी त्याला घरी घेऊन गेलो.

आबांनी तडकलेला मॅनिफोल्ड हातात घेतला, बराच वेळ फिरवला, नखानं वाजवून बघितला. मग म्हणाले, "एक नग पाहिजे ना तुला? एका नगाला पॅटर्न करतंय कोण? पहिलं कास्टिंग कधी बरोबर आलंय? दहा ओतशील तेव्हा एक धडाचं निघेल. पाईपच वापर. पण जाड वापर." आयुष्यभर बीडावर जगलेला माणूस बीड नको म्हणाला. मी दोन वेळा विचारलं. "तुझा हट्ट असला तर ओत बाबा," एवढंच म्हणाले, आणि मला कळायचं ते कळलं.

मग तडा का गेला ते त्यांनी सांगितलं, आणि मी पोराला आकड्यांत मांडून दिलं. पहिल्या आणि चौथ्या भोकातलं अंतर धरा ३०० मिलिमीटर. स्टेनलेस ८०० अंशांनी तापलं की एवढ्या लांबीत चार मिलिमीटर वाढतं. बीड तीनच्या आसपास. आणि ज्याला ते बोल्टनं आवळलंय ते हेड पाण्यानं थंड असतं, ते जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढतं. मग उरलेले साडेतीन मिलिमीटर जाणार कुठे? पातळ नळ्या वाकून वाकून जिथे वेल्ड आहे तिथे फाटणार. त्यातून टर्बोचं पाच-सहा किलोचं वजन त्याच नळ्यांवर लोंबतंय, खाली आधार काहीच नाही.

"फ्लँज कापली नाही त्यानं," आबा म्हणाले. हेडला बसणारी पट्टी अखंड होती. जुन्या मोठ्या डिझेल इंजिनांचे मॅनिफोल्ड ते तुकड्यातुकड्यांत करायचे, मध्ये सरकता सांधा ठेवून, आणि टोकाची बोल्टची भोकं लांबट ठेवायचे, म्हणजे धातूला सरकायला जागा. तीच युक्ती इथे. फ्लँज १२ मिलिमीटर जाड घ्यायची, वेल्डिंग होईपर्यंत अखंड ठेवायची, जिगवर आवळून, नाहीतर केळ्यासारखी वाकते. वेल्डिंग झाल्यावर मिलिंगवर तोंड सपाट करायचं आणि मग दोन भोकांच्या मधून करवत घालून वेगळी करायची. बाहेरची भोकं लांबट.

पाईप कुठला, हे ठरवायला वेळ लागला नाही. आपल्याकडे साखर कारखान्यांच्या स्टीम लाईनसाठी जे जाड बेंड मिळतात तेच जगभरचे टर्बोवाले वापरतात. सव्वा इंची, बाहेरून ४२ मिलिमीटर. माइल्ड स्टीलमध्ये शेड्यूल ४० घेतला तर आतून ३५, भिंत साडेतीनची. स्टेनलेसमध्ये शेड्यूल १० घेतला तर आतून साडेछत्तीस, भिंत पावणेतीनची. एका सिलिंडरला सव्वातीनशे सीसीच्या मानानं हे भोक पुरतं. याहून मोठं घेतलं तर धुराचा वेग मरतो आणि टर्बो उशिरा जागा होतो. पोरांना दीड इंची पाहिजे होता, कुठेतरी मोठ्या गाडीचं बघून. नाही म्हटलं.

माइल्ड स्टील स्वस्त, वेल्डला सोपं, पण पेट्रोलच्या धुरात पापुद्रे सुटतात आणि ते पापुद्रे चक्कीत जातात. ३०४ स्टेनलेस सगळीकडे मिळतं, पण ४५० ते ८५० अंशांमध्ये रेंगाळलं की त्यातलं क्रोमियम कार्बनशी बांधलं जातं आणि जोडाशेजारी ते कमकुवत होतं. ३२१ मध्ये टायटॅनियम असतं, ते हा प्रकार होऊ देत नाही. ३२१ चे बेंड मिळवायला पंधरा दिवस गेले, कोल्हापूर झालं, पुणे झालं, शेवटी मुंबईहून आले. आरगॉन वेल्डिंग करणारा आमचा अनगोळचा माणूस, दुधाच्या टाक्या करतो, त्याचा हात स्थिर. त्यानं नळ्यांच्या आतूनही आरगॉन सोडून वेल्ड मारला. हे फार महत्त्वाचं. आतून गॅस नसेल तर जोडाची आतली बाजू काळी, खडीसाखरेसारखी खरखरीत होते, तिथूनच तडा सुरू होतो आणि तो चुरा पुन्हा टर्बोत.

रचना? पोरांना चार सारख्या लांबीच्या नळ्या आणि ट्विन-स्क्रोल टर्बो पाहिजे होता. बॉनेटखाली तेवढी जागाच नव्हती. आणि लांब नळी म्हणजे वाटेत उष्णता गेली, म्हणजे चक्कीची ताकद गेली. १३०० सीसीच्या इंजिनाला धूर मुळात थोडा, तो वाया घालवून चालत नाही. साधा लहान एका तोंडाचा टर्बो, आखूड नळ्या, पण सरळसोट लॉग नाही. प्रत्येक नळी टर्बोच्या दिशेनं वळवून मिळवली, म्हणजे एकाचा धूर समोरच्याच्या तोंडात जात नाही. ब्युखीच्या पेटंटची गरीब आवृत्ती म्हणा. वेस्टगेट टर्बोतच. टर्बोखाली ब्लॉकवरून आधाराची पट्टी, आणि तीही लांबट भोकाची. पोरांपैकी एकानं भंगारातून डिझेल गाडीचा टर्बो आणला होता, फुकटात. तो परत पाठवला. डिझेलच्या ७५० अंशांसाठी केलेलं चाक पेट्रोलच्या धुरात किती दिवस टिकणार?

खर्च त्या पहिल्या सुंदर मॅनिफोल्डच्या निम्म्याहून थोडा जास्त झाला, त्यातला मोठा वाटा ३२१ चा. गाडी आता अकरा वेळा ट्रॅकवर जाऊन आलीय. दर खेपेला पोरं मॅनिफोल्ड उतरवतात, लाल शाईची डाय टेस्ट करतात आणि गॅस्केट घेऊन आबांकडे येतात. गॅस्केटवर धातू किती सरकला त्याची घासल्याची खूण असते. आबा चष्मा लावून ती बघतात. चौथ्या भोकाकडची खूण पहिल्याकडच्यापेक्षा लांब येते, म्हणजे त्या बाजूला आधाराची पट्टी थोडी आवळ बसलीय, असं त्यांचं म्हणणं. पट्टीचं भोक आणखी दोन मिलिमीटर लांब करायचं ठरलंय.

आणि एक विनंती. आमच्या माळ्यावर आबांचे एकोणीस पॅटर्न अजून आहेत, त्यातले तीन मॅनिफोल्डचे, कोअरबॉक्ससकट. शहापूर, वडगाव, मजगाव, तिकडे कोल्हापूर, इचलकरंजीतही असे पॅटर्न घराघरात पडून असतील. दोन घरांनी ते बंबात जाळल्याचं मला माहीत आहे. चांगलं सागवान आहे, जळतंही छान. ज्यांच्याकडे असतील त्यांनी जाळायच्या आधी एक फोटो तरी टाका, आणि कोणत्या फौंड्रीचा, कोणत्या इंजिनाचा, कुणी केलेला, एवढं घरातल्या थोरल्यांना विचारून लिहा. आबा अजून ओळखतात, लाकडावरच्या रंधाऱ्याच्या खुणेवरून कुणाचा हात आहे ते सांगतात. तेव्हा लवकर टाका.